पत्रास कारण की…

या सदरात एरवी रक्तदाब, मधुमेह, ४०१ के, मुलांच्या कॉलेजसाठीचे ५२९ खाते असे विषय असतात. त्यात एका इंजिनिअरने नोकरीच्या पत्रातल्या पहिल्या परिच्छेदावर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. पण मंडळी, २०२३ सालच्या पहिल्या तीन महिन्यांत माझा रक्तदाब, आमच्या घराचा हप्ता आणि तो पहिला परिच्छेद या तीन गोष्टी एकमेकींत अशा काही गुंतल्या होत्या की कुठली आरोग्याची, कुठली अर्थाची आणि कुठली भाषेची हे सांगणे कठीण होते. तेव्हा संपादकांनी विचारल्यावर मी हाच विषय मागून घेतला.

१८ जानेवारी २०२३, बुधवार. सकाळी साडेनऊला एक मीटिंग आली, तिला विषयच नव्हता. विषय नसलेल्या मीटिंगचा विषय काय असतो हे त्या वर्षी आपल्यापैकी पुष्कळांना कळले. अकरा मिनिटांत सगळे संपले. पगार ३१ जानेवारीपर्यंत मिळणार होता. मी एच-१बी वर होतो, आणि अशा माणसाला नोकरी गेल्यावर फार तर ६० दिवस मिळतात. २०१७ पासूनचा हा नियम आहे. ते दिवस साधारणपणे शेवटच्या पगारी दिवसानंतर मोजायला लागतात, आणि आय-९४ ची मुदत त्याआधी संपत असेल तर तीच शेवटची तारीख. मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले, तर माझा साठावा दिवस १ एप्रिलला येत होता. तारीखसुद्धा कशी निघावी पाहा!

मुलगी पहिलीत होती. एडिसनजवळ घर घेऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. वैद्यकीय विमा कोब्राखाली चालू ठेवता येतो, पण कंपनी भरत होती तो वाटाही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के. म्हणजे नाव ठेवणाऱ्याने नाव विचार करूनच ठेवले असावे. (निर्णय घ्यायला ६० दिवस मिळतात आणि विमा मागील तारखेपासून लागू होतो, हे लक्षात ठेवा. पहिल्याच दिवशी घाबरून चेक लिहू नका.) रात्री झोप येईना म्हणून मी अर्ज करू लागलो. बटण दाबले की अर्ज गेला. एका महिन्यात ६३ अर्ज पाठवले. त्यातले बरेचसे रात्री एक ते तीनच्या दरम्यान.

एकाही ठिकाणाहून माणसाचे उत्तर आले नाही. यंत्राची आभारपत्रे मात्र पहाटेसुद्धा येत.

ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. पण मंडळाचे हळदीकुंकू ४ फेब्रुवारीला होते (आपल्याकडे हॉल मिळेल तो सण), आणि तिथे बायकोने मंडळातल्या एका ज्येष्ठ ताईंना सांगितले. मी आधी चिडलो. ताई एका हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात मॅनेजर आहेत. तिथे नोकरीला येणाऱ्यांची पत्रे त्या वीस वर्षे वाचत आल्या आहेत. त्यांचा फोन आला, “अरे, शनिवारी घरी ये. पाठवलेल्या पत्रांपैकी चार छापून आण. आणि ज्या जाहिरातींसाठी पाठवलीस त्याही आण.”

जाहिराती? त्या मी वाचल्या कुठे होत्या धड!

तो शनिवार १८ फेब्रुवारीचा, महाशिवरात्र होती. साबुदाण्याच्या खिचडीची बशी माझ्यापुढे सरकवून ताईंनी चष्मा लावला आणि पहिले पत्र हातात घेतले. पत्रे अर्थातच इंग्रजीत होती, इथे त्यांचा मराठी अवतार देतो. माझा पहिला परिच्छेद असा होता:

“आदरणीय महोदय/महोदया, आपल्या नामांकित कंपनीतील सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर या पदासाठी मी नम्रपणे अर्ज करीत आहे. मी २००९ साली भारतातून इंजिनिअरिंगची पदवी घेतली असून मला तेरा वर्षांचा अनुभव आहे. अलीकडेच झालेल्या कर्मचारी कपातीमुळे मी तातडीने योग्य संधीच्या शोधात आहे. आपण माझ्या अर्जाचा विचार केल्यास मी आपला आभारी राहीन.”

ताईंनी ते मोठ्याने वाचले. स्वतःचे पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे ही एक शिक्षाच असते. मग त्या म्हणाल्या, “हे पत्र नाही, हा अर्ज आहे. शाळेत लिहायचो तसा. ‘वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करण्यात येतो की.’ फी माफ करा, दाखला द्या, रजा मंजूर करा. यात सगळं तुझं आहे. तुझी पदवी, तुझी अडचण, तुझे आभार. वाचणाऱ्याचं काय आहे यात?”

मला ते झोंबले, कारण खरे होते. आमच्या कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑफिसच्या खिडकीतून कुठलाही कागद आत द्यायचा तर तो असाच लिहावा लागे. अर्ज म्हणजे देणाऱ्यापुढे मागणाऱ्याने उभे राहणे. सातवी-आठवीपासून अंगात मुरलेली ती कंबरेत वाकलेली वाक्ये मी इंग्रजीत घालून न्यू जर्सीत पाठवत होतो.

घरी परतताना मला रामानुजन यांचे पत्र आठवले. गणिताची आवड असलेल्यांना ते ठाऊक असेल. १६ जानेवारी १९१३ रोजी मद्रासहून त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना लिहिले. त्या पत्राची सुरुवात काय आहे? मी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात वर्षाला अवघ्या वीस पौंडांवर कारकून आहे, वय सुमारे तेवीस (खरे तर पंचवीस पूर्ण झाले होते), विद्यापीठाचे शिक्षण नाही. म्हणजे आपण किती लहान आहोत हे आधी सांगायचे आणि आपल्याजवळ काय आहे ते मागून. जगातला एक असामान्य गणिती, आणि पहिला परिच्छेद मात्र अगदी आपल्यासारखा! हार्डींच्या आधी केंब्रिजच्याच दोन नामवंत गणितज्ञांना त्यांनी लिहिले होते, त्यातून काही निष्पन्न झाले नाही. हार्डींनी सोबतची सूत्रांची पाने उलटली, संध्याकाळी लिटलवूड यांच्याबरोबर बसून ती पारखली, आणि पुढचा इतिहास घडला. पण पाने उलटून पाहणारा हार्डी भेटणे हा योग असतो. माझी सूत्रे त्या तोडीची नाहीत, आणि माझे पत्र वाचणारा माणूस त्या दिवशी आणखी शंभर पत्रे वाचत असतो.

तो कसा वाचतो हे ताईंनी सांगितले तेव्हा मला पहिल्यांदा समजले. आम्ही उमेदवार असे गृहीत धरतो की कोणीतरी शांतपणे खुर्चीत बसून, चहाचा घोट घेत, आपले पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. ताई म्हणाल्या, “पूर्वी मी प्रिंटरजवळ उभ्या उभ्या वाचायचे. आता स्क्रीनवर वाचते, तर पहिल्या चार-पाच ओळीच दिसतात. डब्याचं झाकण किंचित उघडून आत कुठली भाजी आहे ते बघावं, तेवढंच. वास आला तर डबा उघडायचा.” त्यांच्यासारख्यांच्या डोक्यात त्या वेळी एकच प्रश्न असतो: माझे जे काम अडले आहे ते हा माणूस करील का? पदवीची तारीख रेझ्युमेत असतेच. ती पत्राच्या पहिल्या ओळीत वाया का घालवायची?

आता एक कबुली. त्याच सुमाराला चॅट-जीपीटीची नवलाई होती. ते नोव्हेंबर २०२२ मध्ये आले होते. मी इंजिनिअर, तेव्हा त्यालाही कामाला लावून पाहिले. त्याने अर्ध्या मिनिटात गुळगुळीत परिच्छेद दिला. मी म्हणे ध्येयाने झपाटलेला, परिणामांवर लक्ष ठेवणारा, नवनिर्मितीची तळमळ असलेला व्यावसायिक! मला स्वतःबद्दल क्षणभर फार बरे वाटले. ताईंनी तोही वाचला आणि हसल्या. “अरे, ही लग्नपत्रिका आहे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून.’ मजकूर सगळ्यांचा एकच, नावं तेवढी बदललेली. मला आठवड्यात असे पंधरा झपाटलेले येतात.” आज तर परिस्थिती त्याहून पुढे गेली आहे. शुद्धलेखन तपासायला, वाक्य सुटसुटीत करायला या यंत्राची मदत जरूर घ्यावी, मीही घेतो. पण आपण काय केले हे त्याला ठाऊक नसते. आपण सांगितले नाही तर ते विशेषणे घालते.

मग ताईंनी त्यांची परीक्षा सांगितली. ती इतकी सोपी आहे की मला तिचा थोडा रागच आला. पहिल्या परिच्छेदातले आपले नाव आणि कंपनीचे नाव बोटाने झाकायचे. तिथे दुसऱ्या कोणाचे नाव आणि दुसरी कुठलीही कंपनी घातली तरी परिच्छेद खराच राहत असेल, तर तो फाडायचा. माझी चारही पत्रे या परीक्षेत नापास झाली. ६३ पैकी ६३ झाली असती.

“आपल्या जुन्या पत्रांत काय लिहायचे आठवतं का?” त्यांनी विचारले. “सा. न. वि. वि., आणि लगेच ‘पत्रास कारण की’. नमस्कार झाला की थेट कारण. तेच लिही. फक्त कारण तुझं नको, त्यांचं.”

आम्ही एक जाहिरात पुढे घेतली. न्यू जर्सीतलीच, ऐंशीएक माणसांची कंपनी होती. दातांच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचे इन्शुरन्स क्लेम्स हाताळणारी. मी फक्त वरचे पदनाम आणि खालची तंत्रज्ञानांची यादी पाहिली होती. मधल्या चौथ्या ओळीत लिहिले होते की दोन लहान कंपन्या विकत घेतल्यामुळे आमच्याकडे तीन निरनिराळ्या सिस्टिम्स आहेत, त्या वर्षअखेर एकत्र करायच्या आहेत. ताईंनी तिथे पेन्सिलीने रेघ मारली. “त्यांचं पोट इथे दुखतंय. बाकीची यादी कुणीतरी जुन्या जाहिरातीतून उचललेली असते. तू असं काही केलंयस?”

केले होते. अगदी हेच केले होते! मागच्या कंपनीत दोन सिस्टिम्सचे एकत्रीकरण झाले त्यात मी होतो. माझ्या रेझ्युमेत ते दुसऱ्या पानावर, सातव्या ओळीत, ‘डेटा मायग्रेशनमध्ये सहभाग’ या तीन शब्दांत पडून होते.

आणि इथे माझे घोडे पुन्हा अडले. ते काम पाच जणांचे होते. मी ‘मी केले’ कसे लिहू? आपल्या घरांत ‘मी, मी’ करणाऱ्या मुलाला काय ऐकावे लागते हे सांगायला नको. माझे वडील शिक्षक, त्यांच्या बोलण्यात स्वतःच्या कामासाठीही ‘आम्ही’ किंवा ‘झाले’ असे, ‘केले’ क्वचितच. दुसरीकडे, इथल्या काही सल्लागारांचे ऐकून सगळे श्रेय स्वतःकडे ओढणारेही मी पाहिले आहेत. मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला ते उघडे पडतात. ताईंचा तोडगा हिशेबी माणसाचा होता. पाचांतला तुझा पाचवा हिस्सा कुठला तो नेमका लिही. त्यात नम्रताही नाही आणि बढाईही नाही, नुसती नोंद आहे. ज्या गोष्टीवर दहा मिनिटे बोलता येणार नाही ती पहिल्या परिच्छेदात घालू नकोस, असेही त्यांनी बजावले.

खिचडी संपली, दोनदा चहा झाला, आणि चार वाक्ये लिहायला दोन तास लागले. ती अशी:

“तुमच्या जाहिरातीत म्हटले आहे की तीन सिस्टिम्समधले इन्शुरन्स क्लेम्स वर्षअखेर एका ठिकाणी आणायचे आहेत. मागच्या नोकरीत आम्ही पाच जणांनी अशाच दोन सिस्टिम्स एकत्र केल्या; जुने आणि नवे रेकॉर्ड जुळवून पाहण्याचा भाग माझ्याकडे होता. अकरा आठवडे दोन्ही सिस्टिम्स समांतर चालवून मगच आम्ही जुनी बंद केली, आणि रात्री सहा तास चालणारा जॉब पन्नास मिनिटांवर आला. तुमच्याकडे सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून मला हेच काम करायचे आहे.”

यात माझी पदवी नाही, वय नाही, व्हिसा नाही, ‘तातडीने’ नाही. व्हिसाचे म्हणाल तर मी काही लपवले नाही. स्पॉन्सरशिप लागेल का हा प्रश्न अर्जाच्या फॉर्ममध्ये असतो आणि तिथे खरे ‘हो’ लिहिले. पण माझ्या घड्याळाची टिकटिक पत्राच्या दारातच ऐकवायची गरज नव्हती. अडचणीत असलेला माणूस प्रत्येक वाक्यात अडचणच लिहितो, आणि त्याला स्वतःला ते दिसत नाही. बायको मला महिनाभर हेच सांगत होती, “तुझी पत्रं घाबरलेली वाटतात.” मी म्हणायचो, पत्रे कशी घाबरतील?

एक गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण तिच्यावरून आमचा वाद झाला. त्या कंपनीत ताईंच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. त्यांच्याशी बोलून, त्यांची परवानगी घेऊन, त्यांचे नाव पहिल्या ओळीत घालावे असे ताईंचे म्हणणे. मला तो वशिला वाटला. आपल्याकडे ‘साहेबांच्या चिठ्ठीने लागलेला’ ही शिवी आहे. ताई म्हणाल्या की वशिला म्हणजे लायकी न पाहता आत घेणे. इथली ओळख म्हणजे फक्त ‘या माणसाचे पत्र वाच’ एवढेच सांगणे, पुढची मुलाखत सगळ्यांना सारखीच. डोक्याला पटले, मनाला पटायला वेळ लागला. शेवटी मी त्या गृहस्थांशी फोनवर पंधरा मिनिटे बोललो, त्यांनी आपणहून नाव वापरायला सांगितले, आणि पत्राची सुरुवात त्यांच्या नावाने झाली. आता मला कोणी विचारले तर मी सांगतो की असे नाव असेल तर तेच सर्वांत आधी लिहा. पण न विचारता कोणाचे नाव घालू नका. मंडळातल्या ओळखी त्याने तुटतात.

२१ फेब्रुवारीला पत्र गेले. २७ ला फोन आला.

मुलाखतीतला पहिला प्रश्न माझ्या आजही लक्षात आहे. समोरच्या मॅनेजरबाईंनी पत्र समोर ठेवले होते. त्यांनी विचारले, “अकरा आठवडे का? आम्ही तर चार धरले आहेत.” मी सांगितले की आम्हीही आधी चारच धरले होते. पण तिसऱ्या आठवड्यात लक्षात आले की इन्शुरन्स कंपन्यांकडून येणाऱ्या ८३५ फाइल्समधली काही देणी दोनदा जमा होत होती, आणि ही चूक माझ्या जुळवणीच्या नियमातली होती. ती शोधायला, दुरुस्त करायला आणि मग दोन महिनाअखेर बिनचूक पार पडलेल्या पाहायला उरलेले आठवडे गेले. स्वतःची चूक मुलाखतीत सांगावी की नाही हे मी आधी ठरवले नव्हते. पण त्या पुढे झुकून लिहून घेऊ लागल्या, आणि उरलेली पाऊण तास आम्ही त्यांच्या तीन सिस्टिम्सवरच बोललो. झाडे उलटी करण्याची ती कोडी कोणी घातली नाहीत. (प्रोग्रामर मंडळींना कळेल मी कशाबद्दल बोलतोय ते.) पहिला परिच्छेद आपल्याला आत नेतो एवढेच मी समजत होतो. तो मुलाखतीतला पहिला प्रश्नही आपल्या बाजूने ठरवून देतो, हे मला त्या दिवशी कळले.

१३ मार्चला होकार आला, म्हणजे ४१व्या दिवशी. त्यानंतरही जीव टांगणीला होताच, कारण नव्या कंपनीने आधी श्रमखात्याकडून एलसीए मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्याला सात कामाचे दिवस लागू शकतात. गुढीपाडवा २२ मार्चला होता, आम्ही गुढी उभारली, पण तिच्याकडे पाहताना डोळा लॅपटॉपवर होता. २७ मार्चला, ५५व्या दिवशी, माझे कागद यूएससीआयएसकडे दाखल झाले. आधीपासून एच-१बी वर असलेल्याला कागद दाखल झाले की निकालाची वाट न पाहता नव्या ठिकाणी रुजू होता येते. हे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा माझ्या लेखावर विसंबू नका, वकिलाला विचारा. मात्र एवढे जरूर करा की ६० दिवसांतले शेवटचे दोन आठवडे कागदपत्रांसाठी राखून ठेवा. पत्रांसाठी खरे दिवस ४५च असतात.

हेही सांगितले पाहिजे की सगळीकडे असे पत्र लागत नाही. मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत पत्राची जागा ऐच्छिक असते आणि ते कोणी उघडतही नसेल. तिथे ओळख आणि कोडिंगची परीक्षा चालते. लहान-मध्यम कंपन्या, हॉस्पिटले, विद्यापीठे, शाळांची ऑफिसे इथे मात्र माणूस वाचतो. ताईंकडे जाऊन आल्यावर मी उरलेल्या दिवसांत सरसकट अर्ज पाठवणे बंद केले आणि आठच पत्रे लिहिली, प्रत्येकाला एक अख्खी संध्याकाळ देऊन. आठांपैकी तीन ठिकाणांहून बोलावणे आले.

माझ्यापेक्षा अवघड पत्र गेल्या वर्षी माझ्या एका मित्राच्या पत्नीचे होते. वहिनी ठाण्यात एका बँकेत चार वर्षे होत्या. लग्नानंतर इकडे आल्या आणि एच-४ वर आठ वर्षे घरी. मित्राचा आय-१४० मंजूर झाल्यावर त्यांना कामाची परवानगी मिळाली (काही एच-४ जोडीदारांना ही सोय २०१५ पासून आहे). त्यांच्या पत्राचे पहिले वाक्य होते: “मी गेली आठ वर्षे गृहिणी असल्यामुळे माझ्या अनुभवात खंड पडला आहे, तरी कृपया…” मी म्हणालो, वहिनी, ही माफी कोणी मागितली होती? त्यावर त्या म्हणाल्या, “मग काय लिहू भाऊजी? खोटं लिहू?”

खोटे कशाला? आपल्या मराठी शाळेचे हिशेब चार वर्षे त्यांनीच पाहिले होते, विनावेतन. ९६ कुटुंबांची फी, हॉलचे भाडे, पुस्तकांची बिले, सगळे क्विकबुक्समध्ये, आणि दरवर्षी टॅक्सचे ९९० चे कागद अकाउंटंटकडे वेळेवर. त्यांच्या लेखी ते ‘घरचंच काम’ होते. एका शाळा-जिल्ह्याच्या ऑफिसात हिशेबनिसाची जागा होती, आणि जाहिरातीत पालकांकडून येणारी फी आणि परतावे सांभाळण्याचा उल्लेख होता. आम्ही पहिला परिच्छेद असा केला:

“पालकांकडून वेळेवर फी गोळा करणे आणि परताव्यांचा हिशेब चोख ठेवणे हे तुमच्या जाहिरातीतले काम मी एका शाळेसाठी चार वर्षे स्वयंसेवक म्हणून केले आहे. ९६ कुटुंबांची खाती माझ्याकडे होती, आणि चारही वर्षांअखेर बँकेचा आणि आमचा आकडा एका सेंटपर्यंत जुळला. त्याआधी मी भारतात चार वर्षे बँकेत होते. तुमच्या हिशेबनिसाच्या जागेसाठी मी लिहीत आहे.”

‘स्वयंसेवक’ हा शब्द ठेवायचाच, यावर वहिनी ठाम होत्या, आणि ते बरोबरच होते. ती नोकरी त्यांना मिळाली नाही. मुलाखत झाली, पण दुसऱ्या कोणाला घेतले. तोच परिच्छेद, दोन वाक्ये बदलून, चौथ्या ठिकाणी लागू पडला. एका डॉक्टरच्या ऑफिसात त्या आता आठवड्याला तीस तास काम करतात आणि शाळेचे हिशेबही सोडलेले नाहीत.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका मुलाचा फोन आला, रात्री अकराला. कोणाकडून तरी नंबर मिळाला होता. त्याचे ४१ दिवस उरले होते. त्याने पत्र लगेच ई-मेलने पाठवले. पहिला शब्द ‘रिस्पेक्टेड’ होता, दुसऱ्या ओळीत कॉलेजचे नाव आणि तिसऱ्या ओळीत ‘अर्जंट’. मी त्याला शनिवारी सकाळी दहाला घरी बोलावले आहे. त्याला सांगितले की जाहिरात छापून आण, आणि येण्याआधी तिची चौथी-पाचवी ओळ नीट वाच. ताईंनाही कळवले आहे. त्या म्हणाल्या, येते, पण पोहे कर, या खेपेला माझा उपास नाही.